शुगरची दुसरी गोळी

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला नोकरीवर कायम असं कोणी केलेलंही नाही. म्हणून नदीपलीकडून, म्हणजे मराठी मुलखातून, या अंकासाठी विचारणा झाली तेव्हा मी आधी नाही म्हणाले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. घरी मराठी बोलतो, शाळा तेलुगूत झाली, पुस्तकं आता इंग्रजी आहेत. लिहिण्याची मराठी मी वाचूनच शिकले, चुका असतील. पण एक गोष्ट मला कुठेतरी सांगायची होती आणि आमच्या भागात ती मोठ्याने सांगायला जागा नाही. म्हणून लिहिते. नावं बदलली आहेत.

मी आदिलाबादच्या एका खासगी लॅबसाठी रक्त गोळा करते. इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, मी लॅब टेक्निशियनचा कोर्स घेतला होता, त्यामुळे सुई टोचायला येते. सकाळी स्कूटी काढायची, जैनद आणि बेल्याच्या बाजूच्या गावांत जायचं, ज्यांना शहरात येणं जमत नाही त्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर शोधायची, रक्त घ्यायचं, ट्यूबा थंड डब्यात ठेवून लॅबला पोचवायच्या आणि मग ओढणीला स्पिरिटचा वास घेऊन वर्गात बसायचं. गावात मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. लहान पोरं ‘रगतवाली आली, रगतवाली आली’ ओरडत पळतात. आया रडणाऱ्या मुलांना माझी भीती घालतात. शिकून एवढं तरी नाव कमावलं म्हणायचं.

सगळ्यात जास्त काम शुगरचं. रक्तातली साखर आम्ही दोन तऱ्हेने पाहतो. एक उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची. ती त्या सकाळपुरती असते. दुसरी ‘तीन महिन्यांची’. मागच्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली ते ती सांगते. पाहुणे येणार म्हणून आपण पुढचं अंगण झाडून ठेवतो ना, तशी ती सकाळची शुगर असते. मी येणार हे कळलं की लोक आदल्या दिवशी भात सोडतात, कारल्याचा रस पितात, विसरलेल्या गोळ्या घेतात. आकडा छान येतो. मग तीन महिन्यांची ट्यूब घरामागचा उकिरडा दाखवते. एका आजीने तर मला विनवलं होतं, “पोरी, थे जांभळ्या झाकणाची शिशी नको भरू ना. थे लय चुगलीखोर हाय.”

उपाशीपोटी म्हणजे काय, यावरही रोज वाद.

“कायी खाल्लं नाही ना, काका?”

“छ्या! निरा उपाशी हाओ.”

“चहा?”

“चहा तं पेलोच! चहा काय खाणं हाय?”

एक पटवारी आजोबा आहेत. पटवारकी जाऊन जमाना झाला, पण बोलणं अजून कचेरीचं. त्यांची बायको गेल्यावर त्यांना झोप येईना, म्हणून डॉक्टरांनी मनाच्या आजारावरची एक गोळी सुरू केली. झोप आली, आणि तिच्यामागून भूकही आली. पहाटे उठून गुळाची ढेप फोडायचे. वजन वाढलं, शुगर वाढली. रिपोर्ट हातात घेऊन मला म्हणाले, “हा रिपोर्ट खारिज करा. मी दरखास्त देतो. पुन्हा मुआयना झाला पायजे.” मी म्हटलं, आजोबा, रक्त तुमचंच आहे, अपील कोणाकडे करणार? ते माझ्याकडे बघून हसले. दवाखान्यात दाखवल्यावर डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. भूक आटोक्यात आली, शुगरही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मनाच्या गोळीचा आणि साखरेचा काही संबंध असतो. कोर्समध्ये हे शिकवलेलं आठवत नाही.

आता इंदूकाकूंचं सांगते.

इंदूकाकू आणि नामदेवकाका बेल्याच्या रस्त्यावरच्या एका गावात भाजीपाला पिकवायचे. वांगी, पालक, मेथी, हिवाळ्यात कोबी. थोडी पराटी, म्हणजे कपाशी. काकू रोज पहाटेच्या ऑटोने आदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, येऊन भाजी विकायच्या. त्यांच्या जागेपाशी नेहमी गर्दी. एकदा माझ्यासमोर एक तेलुगू बाई वांगी दाबून दाबून बघत होत्या, तर काकू त्यांना आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि मग आम्हा बाकीच्या गिऱ्हाइकांना मराठीत: “वांगं हाय थे, जावई नाही. इतकं काय पारखून राह्यली?” त्या बाईंना मराठी येत होतं. त्याही हसल्या आणि दुप्पट वांगी घेऊन गेल्या.

मला त्या डासीण म्हणायच्या. मी अंगणात स्कूटी लावली की आतून आवाज यायचा, “आली पाय डासीण! डास बिचारा एकदा चावते आन जाते. हे चावते, पैशे घेते, आन मंग सांगते का तुई शुगर वाढली.” शुगर त्यांना बऱ्याच वर्षांपासून होती. एका गोळीवर ठीक चाललं होतं.

मग एका पावसाळ्यानंतर काकू बसल्या. बसल्या म्हणजे बाजारात जाणं थांबलं. आधी म्हणाल्या पाय दुखतात, मग म्हणाल्या डोकं दुखतं, मग काहीच म्हणेनात. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. झाल्यासारखं काही झालं नव्हतं. घरात कोणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, पीक बरं होतं, मुलगा गजानन कामाला लागला होता. गावातल्या बायका येऊन कारण शोधायच्या. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे बाहेरचं आहे. काकूंची जाऊ माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, “काऊन वो, कायची कमी हाय तुले?”

“कायचीच नाही,” काकू म्हणाल्या. “थेच तं.”

कमी असती तर ती भरून काढता आली असती.

शुगर चढत गेली. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली, तरी चढली. काकू जेवायच्या नाहीत, आणि मग कधीतरी पडल्यापडल्या चिवड्याची अख्खी पिशवी संपवायच्या. बाजारात दिवसभर उभं राहणं, पेंढ्या उचलणं बंद झालं होतं. गोळ्या घेतल्या का विचारलं तर हो म्हणायच्या, आणि उशीखाली गोळ्या सापडायच्या. मी रक्त घ्यायला गेले की हात पुढे करायच्या. डासीण म्हणणं बंद झालं होतं.

“काकू, जराक उठून बसा ना.”

“उठून काय करू?”

मी रक्त घेतलं, ट्यूबवर नाव लिहिलं आणि निघाले.

शेवटी शुगरच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी देऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नामदेवकाकांची तेलुगू बाजारापुरती, म्हणून मला सोबत नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि हिंदीत एवढंच विचारलं, “अम्मा, नींद आती है?” काकू रडायला लागल्या. आवाज नाही, नुसतं पाणी. इतक्या महिन्यांत शुगर किती हे सगळ्यांनी विचारलं होतं, झोप येते का हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

डॉक्टर तेलुगूत सांगत होत्या, मी मराठी करत होते. मन असं खचतं तेव्हा शरीर सतत संकटात असल्यासारखं वागतं, आणि संकटात लागेल म्हणून साखर रक्तात सोडत राहतं. वर माणूस हलत नाही, नीट खात नाही, गोळी घेत नाही. म्हणून साखर वाढते. आणि साखर वाढली की अंग जड होतं, थकवा येतो, मन आणखी खचतं. दोन्ही आजार एकमेकांना धरून असतात. ही गोळी रोज घ्यायची. गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं तरी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि बरं वाटायला लागलं की साखर खाली येऊ शकते, तेव्हा वारंवार तपासा. कदाचित शुगरची गोळी कमी करावी लागेल. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. मीही दोनदा सांगितलं.

बाहेर आल्यावर औषधांच्या खिडकीजवळ काका थांबले. गजाननसाठी वांकिडीकडचं एक स्थळ आलं होतं, मुलीकडचे घर बघायला येणार होते. काकांनी गोळ्यांची पन्नी, म्हणजे स्ट्रिप, उलटीपालटी केली आणि मला विचारलं, “हे गोळी कायची म्हून सांगाची?”

मी काही बोलायच्या आत काकूच बोलल्या. कितीतरी दिवसांनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असेल. “शुगरचीच म्हना, गजाननले बी. एक होती, दुसरी आली.”

शुगर असणं आमच्याकडे लाजेचं नाही. उलट त्यात थोडा मान आहे, घरात खायलाप्यायला आहे असा अर्थ होतो. डोक्याचा आजार म्हटलं की पुढची सोयरीक थांबते, आधीच्या पिढीत कोण कोण होतं याची चौकशी सुरू होते. मी त्यांना अडवलं नाही. लॅबमध्ये कामाला लागताना सरांनी एकच नियम शिकवला होता: रुग्णाचं रुग्णापाशी. आजार त्यांचा, तो कोणत्या नावाने सांगायचा तेही त्यांनी ठरवायचं. हा नियम मला अजूनही बरोबर वाटतो. म्हणूनच पुढचं जास्त छळतं.

गोळीने काम केलं. हळूहळू. आधी काकू खाटेवर उठून बसायला लागल्या, मग अंगणात, मग वाफ्यांपर्यंत. एका सकाळी मी स्कूटी लावली आणि आतून आवाज आला, “इतके दिवस कुठं मेली होती वो, डासीण?” मला रडू आलं. शुगर उतरायला लागली. लग्न झालं, घरात सून आली, रेखा. दहावी शिकलेली, कामाला चपळ, प्रत्येक गोष्ट समजून घेणारी. सासूच्या गोळ्यांचा डबा तिने पहिल्या आठवड्यातच ताब्यात घेतला. काकू बाजारात जायला लागल्या होत्या. रेखाला त्या म्हणायच्या, “तू माही सून हाय का जेलर? गोळी घेतली का, भाकर खाल्ली का! लगन गजाननचं झालं का माह्यं?” आणि रेखा तोंडाला पदर लावून हसायची.

तीन महिन्यांचा रिपोर्ट आला तो इतका चांगला होता की मी तो लॅबच्या मुलाबरोबर न पाठवता स्वतः घेऊन गेले. रेखाने तो वाचला, आकडा शोधून त्यावर बोट ठेवलं आणि पोहे करायला पळाली. तिनेच सांगितलं की आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, मधूनमधून हातपाय थरथरतात, घाम फुटतो, एकदा बाजारात खाली बसल्या. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, साखर आता खूप खाली जात असणार, शुगरच्या डॉक्टरांना दाखवा, ते शुगरची गोळी कमी करतील, पण आपल्या मनाने काही करू नका. काका म्हणाले, “हव, पराटी येचून झाली का नेतो.” माझी परीक्षा आली. मग सुट्टीत माझ्या गावांवर दुसरा मुलगा जायचा.

पुन्हा गेले तेव्हा आतून आवाज आला नाही.

काकू खाटेवर होत्या, भिंतीकडे तोंड. रेखा माझ्यासाठी पाणी घेऊन आली. चेहरा ओढलेला.

“काय झालं रेखा?”

“काय मालूम, ताई. महिना होऊन गेला. आधी चिडचिड करे, चक्कर येते म्हणे, मंग रडे. आता कायीच नाही. शुगर तं उतरली होती ना? मी तं त्यायची गोळी बी कमी केली.”

“कोणती?”

“दुसरी. शुगरची दुसरी. लय थरथर कापे जी, ताई. माह्या मायले बी शुगर हाय, तिचा डॉक्टर म्हणे शुगर उतरली का एक गोळी काढाची. मी इचार केला, पयली तं जुनी हाय, वर्सांपासूनची. थे कशी काढाव? मागून जोडली थे आधी काढाव. बराबर हाय ना?”

बरोबर होतं. तिला जेवढं सांगितलं होतं तेवढ्यावर कोणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. दोन शुगरच्या गोळ्या, शुगर कमी, तर नंतरची बंद. काढायला हवी होती ती ठेवली, ठेवायला हवी होती ती काढली, आणि तेही इतक्या काळजीने.

मी दाराकडे पाहिलं. नामदेवकाका उंबऱ्यात दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

ते दोर टाकून वाफ्यांकडे निघाले, आणि मी त्यांच्यामागे वांग्यांत गेले.

“काका, तुम्हाला माहीत होतं? ती बंद केली तेव्हा?”

“होतं.”

“मग?”

“माह्यासमोरच म्हणे थे. मामाजी, हे दुसरी बंद करतो. मी म्हणलं, तुले समजते तसं कर.” ते खाली बसले. “काय सांगू पोरी? नव्या सुनंले कसं सांगू, का तुई सासू डोक्याच्या गोळ्या खाते? तिच्या बापानं इचारलं होतं मले, घरात कायी बिमारी हाय का? मी म्हणलं, शुगर. दुसरं कायी नाही. त्यायच्या देवघरासमोर म्हणलं. आन मले वाटलं, आता तं हासते, बोलते, बाजारात जाते. बरीच हाय. कायले लागते गोळी?”

“काका, ती गोळी घेत होत्या म्हणून हसत होत्या.”

त्यांनी एक वांगं हातात घेतलं, तोडलं नाही, सोडून दिलं. मी म्हटलं, तुम्ही नाही सांगत तर मी सांगते, समजावून सांगते, रेखा समजदार आहे. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. वडिलांच्या वयाच्या माणसाने आपल्यापुढे हात जोडलेले मला बघवत नाहीत. “दवाखान्यात नेतो. सोमवारीच नेतो. थे गोळी मीच देईन, वावरात, कोणाले दिसणार नाही. तू फक्त बोलू नको.”

त्यांनी शब्द पाळला. सोमवारी खरंच नेलं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, शुगरचीही नीट बसवून दिली. नवी पन्नी काकांनी आपल्या चंचीत, पानसुपारीसोबत ठेवली. रोज काकूंना हात धरून वाफ्यांपर्यंत न्यायचे आणि तिथे द्यायचे. रेखाला वाटायचं, मामाजी किती जीव लावतात, फिरवायला नेतात. तिने मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं.

पण ती गोळी आठवड्यांच्या हिशोबाने चालते, आणि काकूंपाशी तेवढे आठवडे उरले नव्हते. पराटी कापल्यावर वावरात खुंट राहतात. त्या खाटेवर पडून असायच्या त्या दिवसांत कधीतरी परसाकडे जाताना एक खुंट त्यांच्या तळव्यात घुसला होता. शुगरवाल्यांच्या पायांना पुष्कळदा कळत नाही. त्या कोणालाच बोलल्या नव्हत्या. दुखलं नाही म्हणून, की सांगावंसं वाटलं नाही म्हणून? याचं उत्तर कोणत्याही ट्यूबमध्ये मिळत नाही. वास आला तेव्हा रेखाला कळलं. तिने चादर वर केली आणि ओरडली.

सरकारी दवाखान्यात मी भेटायला गेले. शुगर यंत्रात मावेना इतकी. डॉक्टर म्हणत होते पाय काढावा लागेल. काका सही करू की नको असं माझ्याकडे बघत होते. काकू शुद्धीत होत्या. म्हणाल्या, “काढा ना. मले कुठं जाचं हाय?” तसा तो विनोदच होता, एरवी त्यांच्या तोंडी शोभला असता. काकांनी सही केली. पाय काढला, तरी विष अंगात भिनलं होतं. त्या गेल्या.

तेराव्याला मी गेले. मांडवात सगळे एकच बोलत होते: शुगरनं गेली. शुगर लय खराब. माह्या मामाले बी शुगरनंच नेलं. एका बाईने मला विचारलं, “तूच ना थे रगतवाली? कितीक होती वो शुगर?” मी म्हटलं, जास्त होती. खोटं नव्हतं. मला वाटत होतं उठून उभं राहावं आणि म्हणावं, ही बाई बरी झाली होती, तुमच्यासमोर हसत होती, एका गोळीने बरी झाली होती. पण समोर रेखा वाढत होती. ते ऐकून तिने हातातली पातेली कुठे ठेवली असती?

काकाही तेच म्हणाले, हात धुताना, हळूच. “आता सांगून त्या पोरीले कायले मारते?”

आधी सांगणं लाजेचं होतं, आता ते क्रूर झालं होतं. मधे एक दिवस असेल, जेव्हा नुसतं सांगता आलं असतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी रेखाचा फोन आला. “ताई, मामाजीची शुगर तपासाची हाय. सकाळी या, उपाशी ठेवतो त्यायले.” मी गेले. तिने मला दारातच, स्कूटीपाशी अडवलं.

“आधी एक गोष्ट इचारतो. खोटं नका सांगू.” तिच्या मुठीत रिकामी पन्नी होती, चुरगळलेली. “त्या दुसऱ्या गोळीची हाय. मामाजीच्या चंचीत सापडली, पान लावून देत होतो तवा. आमच्या डब्यातली तं नव्हती, मी बंद केली होती. मी बाजारात गेल्ती तं मेडिकलवाल्याले दाखवली. थे म्हणे, ही शुगरची नाहीच. मन उदास राहते, त्यावरची हाय.”

मी स्कूटीवरचा डबा काढायला वळले. तिला त्यातच उत्तर मिळालं.

“म्या बंद केली,” ती म्हणाली. “म्याच.”

“तुला कोणी सांगितलंच नव्हतं, रेखा.”

“म्या इचारलं बी नव्हतं. वांकिडीत आमच्या शेजारी एक बाई होती तशी. आमी पोरी तिले हासो. मले सांगतलं असतं तं मी हासली असती का, ताई? त्यायले वाटलं असंन, हासन म्हून.” ती रडत नव्हती. पन्नीच्या घड्या घालत होती, बारीक बारीक. मग म्हणाली, “मामाजीले सांगू नका, का मले मालूम हाय. त्यायले वाटू द्या मले कायी मालूम नाही. नाही तं थे माह्याकडे पायणार कसे?”

म्हणजे आता त्या घरात सासरा आणि सून दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होते. कोणी वाईट नव्हतं. एकमेकांना जपता जपता त्यांनी घरात बोलायला काही उरू दिलं नव्हतं.

“आन मामाजी जेवत नाहीत, ताई. रातभर जागे राहतात. वावरात जातात तं नुसते बसतात. वांगे झाडावर पिवळे पडून राह्यले, तोडत नाहीत. माह्या मालकाले म्हणलं तं थे म्हणतात, बुढा दुःखात हाय, होईन बरा. मले भेव लागते. मी हे पायलं हाय. तसंच हाय सगळं.” तिने आवाज आणखी खाली आणला. “त्यायले शुगर निघाली तं बरं होईन. शुगर म्हून नेता येईन मले, आत्याबाईले हे गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे. मंग थे जे देतीन ते देईन मी, रोज देईन. नाव शुगरचं राहीन, पण देईन मी.”

इतक्या दिवसांत कितीतरी लोकांनी माझ्यासमोर देवाला हात जोडले आहेत, शुगर निघू नये म्हणून. निघावी म्हणून जोडलेले हात मी पहिल्यांदा बघितले.

काका ओट्यावर बसले होते. खूप वाळले होते. मी मशीन काढलं, त्यांचं बोट पुसलं, टोचलं. त्यांनी हात मागेही घेतला नाही आणि तोंडही वाकडं केलं नाही. थेंब पट्टीवर लावला. रेखा माझ्या खांद्यावरून मशीनकडे बघत होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आकडा आला. अगदी व्यवस्थित होता. तरुण माणसाचा असावा तसा.

मी काकांना म्हटलं, “काका, मी सांगू का? तुम्ही एकदा त्या डॉक्टरांना दाखवा. शुगर नसली तरी.”

“मले काय झालं?” ते म्हणाले. “मले तं शुगर बी नाही.”

रेखाने त्यांच्यासमोर खाली बसून त्यांचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. मला म्हणाली, “ताई, मशीन चुकते बी कधी कधी, नाही का? पुन्हा पाहा ना. मामाजी, दुसरं बोट द्या.”

त्यांनी दिलं. कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.